न्यूट्रलची खाच

"न्यूट्रल?" मी मागून ओरडलो.

"न्यूट्रल," तेमो पुढून म्हणाला.

मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. बोटीच्या मागची मोटर वर उचलून ठेवलेली होती आणि तिचा पंखा माझ्या छातीसमोर आला होता. न्यूट्रलला असेल तर पंखा बोटाने ढकलला तरी गरगर फिरायला हवा. मी ढकलला, तर तो एका बाजूला कटकटला आणि दुसऱ्या बाजूला अडला. गिअर रिव्हर्सला होता.

"न्यूट्रल म्हणालास ना?"

"मग मघापासून काय भजन म्हणतोय का मी? न्यूट्रललाच आहे!"

मी पाण्यातून चालत पुढे गेलो आणि कठड्यावरून वाकून पाहिलं. तेमो लिव्हरवर हात ठेवून नेहमीसारखा नदीकडे बघत बसला होता. लिव्हर न्यूट्रलच्या खाचेपासून चांगला बोटभर मागे होता. मी हात घालून तो पुढे ढकलला तेव्हा 'टक्' झालं. तेमोने माझ्याकडे पाहिलं, मग लिव्हरकडे पाहिलं.

"केबल सरकली असणार," तो म्हणाला.

"केबलच असणार," मीही म्हणालो.

धक्क्यावर छत्री घेऊन सेन्योरा एदिल्मा उभी होती. आमच्या बोटवाल्यांच्या सहकारी संस्थेची ती व्यवस्थापक. मागांगेच्या धक्क्यावर कुठली बोट कुणी कधी चालवायची, हे ती ठरवते आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

"मिस्त्री, या महिन्यातली ही तिसरी वेळ. परवा बोट धक्क्याला लागताना असा हिसका बसला, की पाद्रीबाबा कोंबड्यांच्या टोपलीत बसले. आता हसू नका! मला सांगा, दोष कशात आहे?"

"केबलमध्ये," मी सांगितलं.

दोष केबलमध्ये नव्हता. मोटरच्या कंट्रोलमध्ये मोजून दोन केबली असतात, एक गिअरची आणि एक थ्रॉटलची. लिव्हर पुढे ढकलला की आधी गिअर बसतो आणि मगच थ्रॉटल उघडतो, म्हणजे मोटरचा जोर वाढतो. हा क्रम चुकला की बोट ढुशी मारते. क्रम लावायला लिव्हर खाचेत बसवायचा, मोटरवरचा दांडा मधोमध आणायचा आणि केबलच्या टोकाची पितळी नळी फिरवत राहायचं, ती खुंटीवर आपसूक बसेपर्यंत. ओढूनताणून बसवायची नाही. ओढूनताणून बसवणारे मिस्त्री आमच्या बंदरात तीन आहेत. नावं घेत नाही, त्यांतला एक माझा मेव्हणा आहे. माझ्या हातची केबल मात्र दोन-दोन वर्षं हलत नाही, आणि तेमोच्या या बोटीची, 'मार्गारिता'चीही हलली नव्हती. मी उगाच पाना लावून नट सैल केला, पुन्हा तिथेच आवळला आणि हात पुसले.

तेमोचं पूर्ण नाव तेमिस्तोक्लेस आर्रिएता. वय बासष्ट. चौतीस वर्षं तो या नदीवर बोट चालवत होता. माझ्या धाकट्या मुलीचा तो बाप्तिस्म्याचा धर्मपिता, त्यामुळे आमच्या रिवाजाप्रमाणे आम्ही एकमेकांना कोम्पाद्रे म्हणायचो. बंदरातले बाकी सगळे मला मिस्त्री म्हणतात. निकासियो हे माझं नाव फक्त माझी बायको घेते, तेही रागावली की.

त्याची कीर्ती एकाच गोष्टीची होती. तो बोट धक्क्याला लावायचा तेव्हा लागली हे कळायचंच नाही. नेल्सी नावाची बाई रोज नदीवरच्या सान रोकितो गावाला अंडी घेऊन जायची, तीस-तीस अंड्यांचे बारा ट्रे एकावर एक रचून. बाकीच्यांच्या बोटीत ती ट्रे दोरीने करकचून बांधायची. तेमोच्या बोटीत मात्र नुसते ठेवायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "तेमो असला की दोरी कशाला? अंडी झोपून जातात."

केबलचं नाटक झाल्यावर मी त्याच्याबरोबर सान रोकितोपर्यंत जायचं ठरवलं. निघण्याआधी धक्क्यावरच्या टपरीवर आम्ही काळी कॉफी घेतली. पत्र्याचे पेले असे तापलेले, की मी माझा फळीवर ठेवून फुंकर घालत बसलो. तेमोने मात्र आपला पेला मुठीत धरला आणि जलपर्णी यंदा किती वाढली यावर बोलत राहिला.

"बघा, बघा, मगरीची कातडी आहे याची," टपरीवाली म्हणाली. "परवा एकाच पायात चप्पल घालून इथपर्यंत आला. दुसरी कुठे पडली, याला पत्ताच नाही!"

"दुसरी तुझ्याकडे राहिली असेल," तेमो म्हणाला, आणि टपरी हसली. मीही हसलो. पण मग त्याने पेला खाली ठेवला आणि त्याच्या अंगठ्यावर मला मोठा फोड दिसला. तो जुना होता, फुटून सुकलेला, म्हणजे असं पेले धरणं हे आजचं नव्हतं.

बोटीत मी त्याच्या मागच्या बाकावर बसलो. मोकळ्या पाण्यात तो नेहमीचाच तेमो होता. टोपी डोळ्यांवर, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, नदीचं प्रत्येक वळण पाठ. सान रोकितो जवळ आलं तसा त्याने वेग कमी केला. आणि मग त्याने खाली पाहिलं.

वाचणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण इतक्या वर्षांत तेमोने लिव्हरकडे पाहिलेलं मी पाहिलं नव्हतं. घास तोंडात घालताना कुणी हाताकडे बघतं का? त्याने पाहिलं, मग धक्क्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, आणि तेवढ्या वेळात धक्का वावभर पुढे आला होता. बोटीला हिसका बसला. नेल्सीने दोन्ही हातांनी ट्रे कवटाळले.

"काय रे तेमो, म्हातारा झालास?"

"केबल," तेमो म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्याला साखरेचा आजार आहे, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे तो निम्म्या बंदराला आहे, कॉफीत पेल्याच्या एक तृतीयांश साखर घातल्यावर दुसरं काय होणार? पण त्याने आधी पायांची आणि मग बोटांची जाण जाते, हे मी फक्त ऐकून होतो. परतीच्या वाटेवर मी त्याच्या हाताकडेच बघत होतो. मला भीती वाटत होती. त्या बोटीत वीस माणसं असतात.

त्याला विचारलं असतं तर त्याने नाही म्हटलं असतं. एदिल्माला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो तिकिटाच्या खिडकीत बसला असता, नदीकडे पाठ करून. तिसरा एक सरळ उपाय होता आणि तो माझ्याच टेबलावर बिस्किटांच्या डब्यात पडला होता. कारखान्यातून मोटर येते तेव्हा लिव्हरच्या मुठीखाली एक खटका असतो. तो दाबल्याशिवाय लिव्हर न्यूट्रलमधून सुटतच नाही. पण आमच्या नदीत जलपर्णीचे तराफे वाहत येतात. पंखा त्यात अडकला की झटक्यात रिव्हर्स, झटक्यात फॉरवर्ड असं करून ती थुंकून टाकावी लागते. तिथे खटका दाबत बसायला कुणाला वेळ आहे? म्हणून नवी मोटर आली की पहिलं काम खटका काढणं. माझ्या डब्यात असे त्रेचाळीस खटके होते. ज्याच्या लिव्हरला खटका आहे तो अजून आईचं बोट धरून चालतो, असं बंदरात म्हणतात. तेमोच्या लिव्हरला खटका दिसला असता तर दुपारपर्यंत साऱ्या धक्क्याला कळलं असतं.

म्हणून मी तो उपाय सोडला आणि दिसणार नाही असा केला. रविवारी दुपारी बोट रिकामी होती. मी कंट्रोलची पेटी उघडली, आतली स्प्रिंग काढून तिच्याखाली दोन वॉशर घातले आणि त्रिकोणी कानशीने न्यूट्रलची खाच चांगली खोल केली. आता लिव्हर तिथे आला की असा बसायचा, की बोटांना नाही कळलं तरी कोपरापर्यंत कळावं. पेटी बंद केली. बाहेरून एक ओरखडाही नव्हता. स्वतःच्या कामावर मी खूश होतो, खोटं कशाला सांगू?

पुढचे तीन आठवडे अंडी झोपून राहिली. एदिल्माने मला हाक मारून 'शाब्बास मिस्त्री' म्हटलं, जे तिने बारा वर्षांत म्हटलं नव्हतं. एके दिवशी तेमो माझ्या दुकानात आला तो शीळ घालतच. त्याने रानकारल्याच्या पाल्याची जुडी टेबलावर टाकली.

"घे कोम्पाद्रे. उकळून पी रोज सकाळी. कडूजहर आहे, पण गुण येतो."

"कशावर?"

"सगळ्यावर," तो डोळा मारत म्हणाला. "माणसाला धीर धरावा लागतो, बस."

मला वाटलं पोटाबिटाचं काही असेल. जुडी मी खुंटीला टांगली.

पुढच्या बुधवारी तेमोची सुट्टी होती. 'मार्गारिता' यादीरकडे गेली. यादीर तिशीतला, दोन मुलींचा बाप, जरा तोंडाळ, पण हात चांगला. नेल्सीच्या सान रोकितोतल्या आईला बरं नव्हतं, त्यामुळे तिला त्या दिवशी जाणं भागच होतं. तिने ट्रे दोरीने बांधले आणि गेली. सान रोकितोच्या धक्क्यासमोर जलपर्णीचा एक तराफा आडवा आला आणि पंखा त्यात गेला. यादीरने सगळे करतात तेच केलं, लिव्हर झटक्यात मागे खेचला. लिव्हर न्यूट्रलच्या खाचेत बसला आणि बसूनच राहिला. त्याने दुसऱ्यांदा जोर लावून तो सोडवला तोवर बोट वाहत जाऊन धक्क्याच्या खांबावर आदळली होती. नेल्सीचा हात कठड्यावर होता, खांबाच्या बाजूला. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

गुरुवारी सकाळी धक्क्यावरच्या छपराखाली सगळे जमले. एदिल्मा उभीच होती.

"मला गोष्टी नकोत," ती यादीरला म्हणाली. "बाईचा हात मोडलाय."

"सेन्योरा, मुलींची शपथ. लिव्हर अडकला!"

"तेमोच्या हातात नाही अडकत तो?"

यादीरने तेमोकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तेमो खांबाला टेकून उभा होता. त्याने टोपी काढली.

"पोरा, मला तुझ्या पोटावर पाय नाही द्यायचा," तो म्हणाला. "पण खोटं कसं बोलू? तीन आठवडे चालवतोय मी. लोण्यासारखा चालतो लिव्हर. इतका चांगला तो कधीच नव्हता."

"झालं तर," एदिल्मा म्हणाली. "यादीर, चावी दे."

 गप्प बसलो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं, आणि तो मोह मला झाला. चांगला दहा श्वास टिकला. मग यादीर खिशात चावी शोधायला लागला आणि मला ते बघवेना. मी उठलो, बोटीत उतरलो, चार स्क्रू काढून कंट्रोलची पेटी उचलून आणली आणि टेबलावर सगळ्यांसमोर उघडली.

"ही खाच मी कोरलीय," मी म्हणालो. "स्प्रिंगखाली वॉशरही मीच घातलेत. यादीरची काही चूक नाही."

"कुणी सांगितलं होतं?" एदिल्माने विचारलं.

"कुणी नाही."

"मग का केलंत?"

 मी त्या दोन वॉशरांकडे बघत राहिलो. मिस्त्री होऊन मला सत्तावीस वर्षं झाली, पण त्या दिवशीइतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेमो पुढे आला. त्याने अंगठा खाचेत ठेवला आणि फिरवला, एकदा, दोनदा. चेहऱ्यावर काही उमटेना. मग त्याने खिशातून चष्मा काढून लावला आणि पेटीवर वाकला. कानशीने घासलेला पत्रा चकाकत होता.

"कधी केलंस?"

"तेवीस तारखेच्या रविवारी."

त्याने मनात दिवस मोजले. मग अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाला, "म्हणजे गुण काढ्याचा नव्हता. मला वाटलं, हात सुधारला."

मी त्याच्या बाहीला धरायला गेलो, तर त्याने हात काढून घेतला. चष्म्याची घडी करून तो खिशात ठेवला आणि एदिल्माकडे वळून, तिकिटाच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"सेन्योरा, माझ्या बोटांना समजत नाही. वर्ष होत आलं. केबलला काही झालं नव्हतं, मी केबलचं नाव घेत होतो. मिस्त्रीने हे माझ्यासाठी केलं. मला न विचारता केलं, ते मी आणि तो बघून घेऊ. 'मार्गारिता' यादीरला द्या. त्याने काल जे केलं ते बरोबरच होतं. मीसुद्धा तेच केलं असतं."

त्याच्याकडे स्वतःची चावी होती, लाल दोरीची, चालवताना मनगटात अडकवायची. ती त्याने यादीरच्या तळव्यावर ठेवली आणि यादीरची मूठ मिटेपर्यंत तिच्याकडे बघत राहिला. आपल्या बोटांतून ती सुटली की नाही, हे त्याला बघूनच कळणार होतं.

एदिल्माने मला दोन महिने संस्थेच्या बोटींना हात लावायला बंदी केली आणि सगळ्या लिव्हरांना खटके परत बसवायचा हुकूम काढला. ते काम माझ्या मेव्हण्याने केलं, अर्थात ओढूनताणून. नाताळापर्यंत सगळ्यांनी ते पुन्हा काढून आणून दिले आणि माझा बिस्किटांचा डबा भरला. फक्त 'मार्गारिता'चा खटका आला नाही. तो यादीरने ठेवला. कुणी चिडवलं तर तो नेल्सीच्या घराकडे बोट दाखवायचा.

तेमो दुकानात येईना. रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावून म्हणायचा, "बरं आहे ना, मिस्त्री?" शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी रानकारल्याची ती वाळलेली जुडी फेकली नाही. उकळून प्यायलो एकदा. खरंच कडूजहर होती.

बंदी उठली त्या आठवड्यात एदिल्माने मला 'मार्गारिता'च्या केबली बघायला सांगितलं. मी मागे पाण्यात आणि यादीर लिव्हरवर. न्यूट्रल म्हटलं की न्यूट्रल, रिव्हर्स म्हटलं की रिव्हर्स. काम पाऊण तासात झालं. चालवून बघायला म्हणून मी दुपारच्या फेरीला बोटीत चढलो, तर दुसऱ्या बाकावर तेमो बसला होता. शेजारी नेल्सी, हाताचं प्लास्टर निघालेलं, पण पट्टा गळ्यात. तिला एका हाताने ट्रे सांभाळता येत नव्हते म्हणून तो तिच्याबरोबर जायचा, असं मला तेव्हा कळलं. दहा ट्रे दोरीने बांधलेले होते. वरचे दोन त्याने मांडीवर घेतले होते, तळवे खालून लावून.

मी त्याच्या मागे बसलो.  नेल्सी बोलत होती, आईच्या गुडघ्याबद्दल, डॉक्टरबद्दल, कोंबड्यांच्या खाद्याबद्दल. यादीरने बोट नदीत काढली. वाटेत दोन गावं लागतात. पहिल्या गावाच्या धक्क्याशी बोट वळली आणि लिव्हर खाचेत यायच्या आधीच तेमोने ट्रे मांडीवरून दोन बोटं वर उचलले. मग हिसका बसला, लहानसाच. त्याने ट्रे खाली ठेवले. माणसं उतरली, माणसं चढली. निघताना पुन्हा तसंच. यादीरचा हात पुढे जायच्या आत ट्रे वर.

त्याने एकदाही लिव्हरकडे पाहिलं नाही. तो नदीकडे बघत होता, टोपी डोळ्यांवर ओढून.

दुसऱ्या गावाच्या अलीकडे तो मान न वळवता बोलला.

"थ्रॉटलची केबल अर्धा फेरा सैल कर, कोम्पाद्रे. गिअर पुरता बसायच्या आधीच जोर उघडतोय."

मला ते जाणवलं नव्हतं. मी कान दिला, पाय फळीवर घट्ट टेकवले आणि वाट पाहिली. बोट धक्क्याला लागली, माणसं उतरली, यादीरने लिव्हर पुढे सारला, आणि तेव्हा कुठे मला ते कळलं. अर्धाच फेरा होता.

"संध्याकाळी करतो," मी म्हणालो. 

"कर. आणि ओढूनताणून करू नकोस."

सान रोकितोचा धक्का दिसायला लागला. नेल्सी बोलता बोलता थांबली आणि तिने चांगल्या हाताने बाकाची कड धरली. यादीरची नजर पुढे होती, त्याचा हात अजून लिव्हरवर गेलाही नव्हता. तेमोने दोन्ही ट्रे उचलून धरले होते.